पुण्यातील मुलांचा रविवारचा काव्यवर्ग: एका पालकाचा सविस्तर अभिप्राय

पुण्याच्या मध्यवस्तीतील एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी रविवारी सकाळी दोन तासांचा काव्यवर्ग भरतो. जूनच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंत चालणाऱ्या या वर्गाला माझी नऊ वर्षांची मुलगी यंदा जात होती, आणि महिन्यातून एकदा पालकांना मागच्या बाकावर बसून पाहण्याची मुभा असल्याने तेथील शिकवण्याची पद्धत मला जवळून पाहता आली. वर्ग कसा आहे, असे ओळखीच्या अनेक पालकांनी विचारले. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देणे या वर्गावर अन्याय करणारे ठरेल, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. शिकवणाऱ्या ताईंबद्दल मला मनापासून आदर आहे. वर्ग भरवणाऱ्यांच्या काही निर्णयांबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे, आणि तीही येथे मांडली आहे.

शाळेत कविता कशी शिकवली जाते, हे आपण सारे जाणतो. कविता चालीवर म्हणून घेतली जाते, मग भावार्थ फळ्यावर येतो, त्यानंतर स्वाध्यायात एका वाक्यात उत्तरे, समानार्थी शब्द आणि यमक जुळणारे शब्द विचारले जातात, आणि मुले दहावीला पोहोचली की रसग्रहणाचे ठरावीक मुद्दे मार्गदर्शकातून पाठ करतात. यात दोष शिक्षकांचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासाला याहून वेगळे काही करणे अवघड असते. परंतु या क्रमात मुलाला कवितेविषयी स्वतःचे काही बोलण्याची वेळ येतच नाही. आधी भावार्थ येतो आणि कविता त्याच्या पुराव्यासारखी मागून चालत राहते.

या वर्गात पहिला अर्धा तास अर्थ विचारला जात नाही. ताई कविता दोनदा वाचतात, दोन्ही वेळा साध्या बोलण्याच्या स्वरात, चाल न लावता. पहिल्या दिवशी मुले गोंधळली होती, कारण त्यांना माहीत असलेली प्रत्येक मराठी कविता त्यांनी मोबाइलवर गाणे म्हणूनच ऐकली होती. चालीत शब्द वाहून जातात, हे मला त्या दिवशी प्रथमच नीट जाणवले. 'श्रावणमासी हर्ष मानसी' वर्षानुवर्षे गाऊनही 'क्षणात येते सरसर शिरवे क्षणात फिरुनी ऊन पडे' या ओळीतली घाई आणि थांबणे मी कधी ऐकलेच नव्हते. वाचून झाल्यावर ताई एवढेच विचारतात, "कुठला शब्द कानात राहिला?" ज्याला जो शब्द सांगायचा तो त्याने सांगावा; बरोबर-चूक काही नाही, मात्र तो शब्द कवितेत असलाच पाहिजे. एक मुलगी 'सरसर' म्हणाली, दुसरा 'क्षणात' म्हणाला, आणि 'क्षणात' दोनदा आले आहे हे तिसऱ्याने लक्षात आणून दिले. तेथून बोलणे आपोआप अर्थाकडे वळले. श्रावणातल्या रविवारी खिडकीबाहेर ऊन-पाऊस चाललेला असताना ही कविता निवडणे हा योगायोग नव्हता. वर्गाचा क्रम ताईंनी ऋतू पाहून आखलेला आहे.

त्याच दिवशी त्यांनी मुलांना या कवितेचे कवी बालकवी यांच्याविषयी थोडेसे सांगितले. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० साली धरणगावी झाला, १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे होते, आणि १९१८ साली अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी रेल्वे अपघातात त्यांचे निधन झाले. कवी म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या फोटोतले वयस्कर गृहस्थ अशी समजूत असलेल्या मुलांना, आपल्या शेजारच्या दादाएवढा मुलगा कविता वाचायला संमेलनात उभा राहिला होता, हे ऐकून जे वाटले ते त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होते.

प्रोत्साहन देणारा वर्ग असे या वर्गाचे वर्णन जाहिरातीत केलेले आहे, आणि हा शब्द हल्ली इतक्या शिबिरांच्या पत्रकांवर असतो की मी त्याकडे दुर्लक्षच केले होते. प्रत्यक्षात ताई कौतुकाचे शब्द फार कमी वापरतात. 'छान', 'शाब्बास', 'खूपच सुंदर' हे शब्द मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकले. त्याऐवजी त्या मुलाच्या ओळीतले नेमके काय त्यांच्यापर्यंत पोहोचले ते सांगतात. जुलैमध्ये 'पावसाला ठाऊक नाही' या शब्दांनी प्रत्येक ओळ सुरू करायची, असा खेळ होता. एका मुलाने लिहिले, "पावसाला ठाऊक नाही की आजोबांना आता छत्री उघडता येत नाही." ताई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आजोबा म्हातारे झाले असं तू लिहिलं नाहीस, छत्रीचं लिहिलंस. म्हणून मला त्यांचे हात दिसले." त्या मुलाला आपण काय चांगले केले ते त्या एका वाक्यात कळले, आणि वर्गातल्या उरलेल्यांनाही कळले. पुढच्या रविवारी निम्म्या वह्यांमध्ये हात, चष्मे, चपला आणि दाराच्या कड्या आल्या होत्या. नुसत्या 'छान'ने हे घडले नसते.

ओळीची सुरुवात ठरवून देण्याची ही रीत नवी नाही. अमेरिकी कवी केनेथ कोक यांनी १९६८ पासून न्यूयॉर्कमधील एका सरकारी प्राथमिक शाळेत 'माझी इच्छा आहे की' अशा सुरुवातीवर मुलांकडून कविता लिहून घेतल्या होत्या आणि यमकाच्या मागे लागू नका असे त्यांना सांगितले होते. ताईंनी ही रीत घेतली आहे, पण यमकाच्या बाबतीत मराठीचा स्वभाव ओळखून त्यांनी स्वतःची वाट काढली आहे. आपल्याकडे क्रियापदांची रूपे इतक्या सहज जुळतात की आला, गेला, झाला, न्हाला करत मूल वीस ओळी लिहू शकते आणि त्यात त्याने सांगितलेले काहीच नसते. म्हणून येथे यमकाला बंदी नाही, पण ओळीच्या शेवटी क्रियापद आणून जुळवलेले यमक काही आठवडे चालत नाही. ही अट ऐकून मुले आधी कुरकुरली आणि मग अशी काही कामाला लागली की पालक न्यायला आले तरी उठेनात.

लिहिण्याचे साहित्यही विचार करून निवडलेले आहे. वही रेघा नसलेली असते. खोडरबर वर्गात आणायचा नाही. शब्द नको वाटला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचा शब्द वाचता येतो आणि परत हवा वाटला तर तो तेथेच असतो. शुद्धलेखनाच्या चुका त्या तासात दाखवल्या जात नाहीत. माझ्या मुलीसारखी जी मुले इंग्रजी माध्यमात शिकतात आणि ज्यांचा देवनागरी लिहिण्याचा वेग कमी आहे, त्यांच्याजवळ एक सहायक दादा बसतो आणि मूल सांगेल ते उतरवून घेतो. पहिले दोन महिने माझ्या मुलीच्या बहुतेक ओळी त्या दादाच्या अक्षरात आहेत, आणि गणपतीनंतर हळूहळू तिचे स्वतःचे अक्षर दिसू लागते. कुणीही तिला 'आता तू स्वतः लिही' असे म्हटले नव्हते.

छंद-वृत्तांचा भाग मला सर्वांत अनपेक्षित होता, कारण लघु-गुरूची चिन्हे आणि गणांची नावे आपण शाळेत ज्या कंटाळ्याने शिकलो तो माझ्या मनात अजून ताजा आहे. येथे वृत्त टाळीने शिकवतात. एक हलकी टिचकी, मग दोन जोरदार टाळ्या, असे चार वेळा केले की भुजंगप्रयाताची एक ओळ पुरी होते. आणि त्या ठेक्यावर 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' म्हटले की बारा अक्षरे बरोबर बसतात. ज्यांच्या घरी आजी-आजोबा मनाचे श्लोक म्हणतात त्या मुलांना एकाएकी आपल्याला हे आधीपासूनच येत होते असे उमगले. गण, यगण हे शब्द नंतर आले, आणि तेही ज्यांना हवे त्यांच्यासाठी.

मग बहिणाबाई. 'अरे खोप्यामधी खोपा, सुगरणीचा चांगला. देखा पिलासाठी तिनं, झोका झाडाले टांगला' या ओळींतली अक्षरे मुलांनी बोटांवर मोजली आणि प्रत्येक तुकड्यात आठच निघाल्यावर पुन्हा मोजली. बहिणाबाई चौधरी लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या, शेतात आणि जात्यावर काम करता करता त्या गाणी रचत, ती गाणी मुलगा सोपानदेव आणि एक नातेवाईक यांनी लिहून ठेवली, आणि १९५१ साली त्यांचे निधन झाल्यानंतर पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने आली, हे ताईंनी सांगितले. मोजण्यासाठी कागद लागत नाही, ही गोष्ट मुलांना त्यातून फार नेमकी कळली.

त्या दिवशी पक्षिनिरीक्षणाला जाणारा एक मुलगा उठून म्हणाला, "ताई, हे चुकलंय. सुगरणीचं घरटं नर बांधतो." तो खरे तेच सांगत होता. सुगरण पक्ष्यांमध्ये पावसाळ्यात नर गवताच्या पात्यांनी घरटे विणायला घेतो, ते अर्धे झाले की मादी येऊन पाहून जाते, तिला पसंत पडले तर तो ते पुरे करतो, आणि नाही पडले तर दुसरे विणायला घेतो. अशा वेळी कवयित्रीची बाजू सावरण्याचा मोह बहुतेक मोठ्या माणसांना होतो, किंवा कवितेत असे चालते म्हणून विषय मिटवला जातो. ताईंनी दोन्ही केले नाही. त्यांनी त्या मुलाला पुढे बोलावून सर्वांना ते सविस्तर सांगायला लावले, बहिणाबाईंना घरट्यात आई का दिसली असेल यावर वर्गाला बोलू दिले, आणि शेवटी म्हणाल्या, "मग आता त्या नराची कविता कोण लिहील? अक्षरं आठच हवीत." मुलांनी उरलेला तास त्यावर घालवला. जळगावकडून दोन वर्षांपूर्वी पुण्यात आलेल्या एका मुलाने लिहिले:

मीच विणला रे खोपा
तिले पसंत पडेना

या दोन ओळी ऐकून मागे बसलेले आम्ही पालकही हसलो, आणि त्या नराची तगमग समजून नंतर गप्प झालो. याच मुलाचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागणार आहे.

नवरात्रात भोंडल्याची गाणी घेतली गेली. मी लहानपणी फेर धरून म्हटलेल्या 'श्रीकांता कमलकांता' या गाण्याकडे उपमा आणि रूपक शिकवण्याचे साधन म्हणून कुणी पाहील, असे मला कधी वाटले नव्हते. त्या गाण्यातला वेडा बायकोने केलेले लाडू पाहतो आणि चेंडू समजून खेळायला घेतो, करंज्या पाहतो आणि होड्या समजून पाण्यात सोडतो. ताईंनी विचारले, "तो खरंच वेडा आहे, की त्याला आपल्याला न दिसणारं काही दिसतं?" मुलांनी गाणे पुढे वाढवले. धिरडे रुमाल म्हणून घडी घालून ठेवले गेले, साबुदाण्याची खिचडी गारा म्हणून ओंजळीत गोळा केली गेली. ज्या मुलीला रुमाल सुचला ती आधीचे अनेक रविवार एक शब्दही न बोलता बसत असे. तिला बोलते करण्यासाठी कुणी तिच्या मागे लागले नव्हते, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण 'सगळ्यांनी भाग घ्यायचाच' हा नियम जेथे प्रोत्साहन म्हणून मिरवला जातो असे वर्गही मी पाहिले आहेत. येथे वाचून दाखवायचे नसेल तर वही उलटी ठेवायची, एवढी खूण पुरते.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार वर्गाच्या शेवटी छापल्या जाणाऱ्या पुस्तिकेविषयी आहे. वर्ग भरवणारी समिती मुलांच्या निवडक कवितांची छोटी पुस्तिका काढते, तिचे मुद्रितशोधन समितीतले कुणी करतात, आणि त्या टप्प्यावर ताईंना विचारले जात नाही असे मला चौकशी केल्यावर कळले. जळगावच्या मुलाच्या ओळी पुस्तिकेत 'मीच विणले घरटे, तिला पसंत पडेना' अशा छापल्या गेल्या. अक्षरे आठच राहिली, म्हणून कदाचित दुरुस्ती करणाऱ्याला आपण काही बिघडवले असे वाटलेही नसेल. पण ज्या वर्गात 'झाडाले' या रूपासह बहिणाबाई मन लावून शिकवल्या जातात, त्याच वर्गाच्या पुस्तिकेत 'तिले' लिहिणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत आणून बसवणे मला अत्यंत चुकीचे वाटते. प्रमाणभाषेचे नियम शिकवायला शाळा आहे आणि तेथे ते शिकवलेच पाहिजेत. कवितेत मात्र ते मूल घरी ज्या भाषेत बोलते ती भाषा खोडून काढली, तर आधी चार महिने त्याचे जे ऐकून घेतले त्याला काय अर्थ उरतो? समारोपाच्या दिवशी त्या मुलाने पुस्तिका बाजूला ठेवली आणि स्वतःच्या वहीतून 'तिले' असेच वाचले. मी समितीला याविषयी लेखी कळवले आहे आणि पुढच्या वर्षी कवितेतले शब्द मुलाला विचारल्याशिवाय बदलू नयेत अशी विनंती केली आहे.

समारोपाचा कार्यक्रमही पुन्हा विचार करण्याजोगा आहे. चार महिने ज्या खोलीत नंबर नव्हते, बक्षिसे नव्हती आणि वही उलटी ठेवण्याचे स्वातंत्र्य होते, तेथे एका दिवसापुरते व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, पाहुणे आणि तीन उत्कृष्ट कवितांची निवड असा थाट मांडला गेला. निवड झालेल्या कविता चांगल्याच होत्या. परंतु घरी परतताना माझ्या मुलीने 'माझी चौथी आली असेल का' असा प्रश्न केला, आणि हा प्रश्न तिला त्या आधी कधीच पडलेला नव्हता. पालकांना काही पाहायला मिळावे ही समितीची इच्छा मी समजू शकते. त्यासाठी नेहमीच्याच खोलीत नेहमीचा एक तास सर्व पालकांसमोर घेतला तरी पुरेसे झाले असते, आणि आम्हाला मुलांच्या शिकण्याविषयी अधिक कळलेही असते.

तिसरी उणीव पुस्तकांची. वर्ग वाचनालयात भरत असूनही कविता छायाप्रतींवर दिल्या जातात, आणि बालविभागातली पुस्तके घरी नेण्यासाठी वेगळे सभासदत्व घ्यावे लागते. विंदा करंदीकरांसारख्या ज्ञानपीठ मिळालेल्या कवीने मुलांसाठी 'राणीची बाग', 'एटू लोकांचा देश' अशी एकामागून एक पुस्तके लिहिली, ती त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर कपाटात आहेत, आणि वर बसलेल्या मुलांच्या हातात मात्र सुटा कागद येतो. कवितेचे अख्खे पुस्तक हाती घेऊन मधलेच पान उघडणे, आवडले नाही तर पुढे जाणे, एखादी कविता परत शोधणे, ही सवय छायाप्रतीने लागत नाही. वर्गाच्या शुल्कातच चार महिन्यांचे बालसभासदत्व धरले तर पालक थोडे अधिक पैसे आनंदाने देतील. आजच्या मराठी कवींच्या मुलांसाठीच्या कविताही क्रमात आणखी हव्यात. सध्याचा भर जुन्या आणि पारंपरिक रचनांवर आहे, त्यामुळे शहरातली मुले रोज पाहतात त्या गोष्टी, लिफ्ट, वाहतुकीचा सिग्नल, त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यात येतात पण वाचण्यात येत नाहीत.

इतर व्यवस्थेविषयी थोडक्यात. शुल्क चित्रकला किंवा बुद्धिबळाच्या वर्गांच्या तुलनेत कमी आहे आणि अडचण असलेल्या कुटुंबांना त्यात सवलत मिळते. मुलांची संख्या पंधरापर्यंत मर्यादित ठेवली जाते, त्यामुळे मेच्या अखेरीस नाव न नोंदवल्यास प्रवेश मिळणे कठीण होते. जिना उंच आणि अरुंद आहे, उद्वाहन नाही, आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाला आज या वर्गात येता येणार नाही. वाचनालयाने तळमजल्यावरचे वृत्तपत्र-दालन रविवारी सकाळी मोकळे करून दिले तर हा प्रश्न सुटू शकतो. दुचाकी लावायला जागा मिळते, चारचाकी आणू नये.

आपल्या मुलाने स्पर्धेत म्हणण्यासाठी एखादी कविता हावभावांसह बसवून घ्यावी, अशी ज्यांची अपेक्षा आहे त्यांनी येथे येऊ नये. ते येथे शिकवले जात नाही आणि त्यासाठी वेगळे चांगले वर्ग शहरात आहेत. पाठांतराची सक्तीही नाही, तरी माझ्या मुलीला आज बऱ्याच कविता पाठ आहेत, कारण त्या तिने पुष्कळदा ऐकल्या आणि वाचल्या. ज्या घरांत मराठी बोलली जाते पण वाचली जात नाही, त्या घरांतल्या मुलांना या वर्गाचा सर्वाधिक उपयोग होईल असे मी खात्रीने सांगते. ज्यांना प्रवेश मिळणार नाही त्यांनी निदान बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असलेली मराठीची पाठ्यपुस्तके उघडावीत, त्यातली एक कविता रविवारी सकाळी मुलांसमोर चाल न लावता दोनदा वाचावी, आणि खालचा स्वाध्याय झाकून कुठला शब्द कानात राहिला तेवढे विचारावे.

पुढच्या वर्षी तेरा ते पंधरा वयोगटासाठी वेगळी तुकडी सुरू करण्याचा समितीचा विचार आहे. ती सुरू झाली आणि पुस्तिकेबाबतची विनंती मान्य झाली, तर माझ्या भाच्याचे नाव मी पहिल्याच दिवशी नोंदवणार आहे.